बनुबाईचं पेव

“मग ह्या बाटलीतलं राकेल काय मांजरानं प्यालं?”

बनुबाईनं रिकामी बाटली नाथाजीच्या तोंडासमोर उलटी धरली. थेंबसुद्धा पडला नाही. नाथाजी पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

“हळू बोल. सून ऐकतीया.”

“ऐकू दे की. तिलाबी कळू दे, सासऱ्याच्या मोटारीला आता काय काय पाजावं लागतंय ते. रेशनचं राकेल हाय ते. रातचं सुनेला उठायचं झालं तर मी काय हाताचा दिवा करू?”

“अगं, जरासंच मिसळलं. पेट्रोल पुरवून पुरवून वापरायला नको व्हय? चढाला जरा खोकती गाडी, पर चालती.”

“खोकती? सारा गाव वास घेतोय. काल भामाबाई इचारत हुती, तुमच्यात मयताचं काय पेटवलंय का म्हनून.”

आत चुलीपाशी विजयमाला, त्यांची सून, हसू दाबायला तोंडावर पदर घेऊन बसली. तिचा नवरा मानसिंग पलटणीत होता. घरात ही तिघंच, आणि परड्यात मोटार.

“बरं, राकेल ऱ्हाऊ द्या,” बनुबाई बाटली बाजूला ठेवत म्हणाली. “सरकार कुपनावर म्हैन्याला देतंय किती, आन तुमी फिरताय किती? परवा कुंडलला गेला. काल कुणाच्या सोयरिकीला. आज सांगली. कुपनं तर कवाच संपली. पेट्रोल येतंय कुठनं?”

“हाय माझी सोय.”

“कसली सोय?”

“तू जोंधळा धरून ठिवतीस का न्हाई? भाव चढला तरी आपल्याला बाजार धरायला नको म्हनून? मग तसंच. मीबी काय येडा न्हाई.”

“म्हंजे कुठं धरून ठिवलंय?”

“बाईमानसानं समद्यात नाक खुपसू ने,” असं म्हणून नाथाजी उठला, खाकी टोपी डोक्यावर चढवली आणि परड्यात गेला. सिद्धू गड्यानं मागून ढकलल्यावर दोन-तीन आचके देऊन मोटार सुरू झाली. निळसर धूर मागं सोडून ती पलूसच्या वेशीकडं निघाली, तेव्हा बनुबाई दारात उभी राहून बघत होती. एवढी तीस वर्षं संसार केला, पण ह्या माणसाची सोय कुठल्या कोपऱ्यात असते ते तिला कधी सापडलं नव्हतं.

बनुबाई कोरेगावकडची. लग्न होऊन पलूसला आली तेव्हा तिला नीट लुगडं नेसता येत नव्हतं. दोन-तीन वर्षांत पहिली लढाई लागली आणि नाथाजी पलटणीत मोटार हाकायला म्हणून बसऱ्याला गेला. घरात विधवा सासू, अंगात दम नसलेली, आणि सोळा वर्षांची ही. ऊस, शाळू, बैल, पाण्याची पाळी, भाऊबंदांचे बांध, सगळं तिनं पाहिलं. बांध कोरणाऱ्या चुलत सासऱ्याला तिनं भर चावडीत विचारलं होतं, “मामा, जमीन काय पिठासारखी चाळून न्हेताय व्हय?” तेव्हापासून गावात तिला कुणी पोरगी म्हटलं नाही.

त्याच सालात चुलत दीर आकाराम पेवात मेला.

पेव म्हणजे परड्यातल्या कडक मुरुमात खोल खणलेलं धान्याचं तळघर. तोंड अरुंद, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि पोट मोठं. आतून कडब्याचं अस्तर, वर दगडी झाकण आणि त्यावर शेणमातीचा लेप. त्यात शाळू दोन-तीन वर्षं टिकतो. पण बंद पेवात धान्याची वाफ धरते, ती विषारी असते. आकाराम घाई करून उतरला आणि आत बसल्या जागी गार झाला. त्याला काढायला उतरलेला गडीही वर आला तो दोरानं ओढून, जीभ बाहेर आलेला. बनुबाई तिथं उभी होती. त्या दिवसापासून तिच्या घरचं पेव उघडलं की ती सकाळपासून वारं खेळू देई, मग दिवा पेटवून दोराला बांधून स्वतःच्या हातानं खाली सोडी. दिवा विझला तर कुणी उतरायचं नाही. नीट जळत राहिला तरच माणूस खाली जाई. सासूनं, नवऱ्यानं, गड्यानं, कुणीही कितीही घाई केली तरी ह्यात बदल नाही.

नाथाजी लढाईवरून परत आला तो पेट्रोलचा वास घेऊनच. आंघोळ केली तरी जाईना. पुढं पेन्शन आणि उसाचे पैसे साठवून त्यानं सांगलीच्या एका वकिलाची जुनी फोर्ड घेतली आणि गावात पहिल्यांदा मोटार आली. बनुबाईनं तिला हळदकुंकू लावलं, पण टायराला लावावं का तोंडाला हे तिला कळेना, म्हणून दोन्हीकडं लावलं. त्या मोटारीतून भावकीतल्या प्रत्येक नवरदेवाची वरात निघाली. बदल्यात नारळ आणि एक टॉवेल. नाथाजीकडं टॉवेलांचा ढीग झाला. रात्री-अपरात्री अडलेल्या बायकांना त्यानं मिरजेच्या दवाखान्यात पोचवलं, तेही खरं. गावात त्याला ‘मोटारवाले’ म्हणत आणि ते ऐकलं की त्याची मान दोन बोटं उंच होई.

मग ही दुसरी लढाई लागली. पेट्रोल महागलं, मग कुपनावर आलं, मग कुपनावरही मिळेनासं झालं आणि जे चोरून मिळे त्याचा भाव दर बाजाराला वेगळा. नाथाजीनं नाना युक्त्या केल्या. उतार लागला की इंजिन बंद करायचं. ओझं कमी व्हावं म्हणून मागची बाकं काढून ठेवली, त्यामुळं पाहुण्यांना पोत्यावर बसावं लागे. गेल्या माघात तर त्यानं वरातीला मोटारीपुढं बैलजोडी जुंपली, स्वतः चाक धरून आत बसला आणि नवरदेवाला म्हणाला, “हालू नगंस, फोटू चांगला येतोय.” पोरं मागून ‘हुर्र’ करत पळाली. बनुबाईला त्या दिवशी हसावं का तोंड लपवावं हे कळेना.

तरीही मोटार विकायची म्हटलं की तो उठून जाई.

नाथाजी सांगलीला निघून गेल्यावर बनुबाईनं राकेलची बाटली कोनाड्यात ठेवली आणि सिद्धूला हाक मारली. सिद्धू त्यांचा सालगडी, चाळिशीचा, कमी बोलणारा, झुपकेदार मिश्यांचा. दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळ लागणार होतं. गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला आणि चुलवाणावर जाळ घालणाऱ्या गड्यांना रोजचा जोंधळा मोजून द्यावा लागे. तो रिवाज बनुबाईच्या सासूच्याही आधीपासूनचा. घरातली कणगी तळाला गेली होती. यंदा शाळूला पाऊस नव्हता, रानात कणसं भरली नव्हती. म्हणजे पुढचं वर्षभर घरात जे शिजणार होतं ते सगळं त्या एका पेवात होतं.

“पेव फोड, सिद्धू. दुपारपतुर वारं खेळू दे.”

लेप फोडताना सिद्धू म्हणाला, “झ्याक लिंपलंय वैनी ह्या टायमाला. कुनी लिंपलं?”

“त्यांनीच. मी कार्तिकात माहेराला गेले हुते न्हवं, भाचीच्या लग्नाला? जाताना पेव उघडून जोंधळा काढला, आन लिंपायचं त्यांच्यावर सोपवून गेले.” परत आल्यावर तो गुळगुळीत लेप बघून तिनं नाथाजीचं कौतुकही केलं होतं. पलटणीत शिकलेला माणूस, मनावर घेतलं तर काय करील!

दगड सरकवल्यावर सिद्धूनं नाक मुरडलं. “वैनी, वास मारतोय वो.”

बनुबाईनं वाकून पाहिलं. वास होता खरा. पण चार हातांवर मोटारीचं छप्पर होतं, तिथं जमिनीत तेल मुरलेलं, भिंतीला तेलाचे डाग, दोरीवर नाथाजीचा खाकी सदरा वाळत टाकलेला. त्या परड्यात दुसरा कसला वास असणार?

“मोटारीचा असंल,” ती म्हणाली. “ह्या घरात आता जाईजुईबी मोटारीचाच वास मारतील.”

दुपार झाली. कंदिलात राकेल नव्हतं. शेजारच्या मेहरुनबीकडं मागावं असं एकदा मनात आलं, पण तिच्याही घरी रेशनचंच, आणि सकाळच्या भांडणाचं कारण सांगत बसावं लागलं असतं. बनुबाईनं पितळेच्या तबकडीत करडीच्या तेलाची वात लावली, तबकडीला तीन दोऱ्या बांधल्या आणि त्या लांब काथ्याच्या दोराला अडकवल्या. सिद्धू धोतराचा काचा मारून तोंडाशी उकिडवा बसला.

“सरक मागं,” बनुबाई म्हणाली. “दिव्याचं काय ते बघू दे.”

तिनं दोर हातातून सोडायला सुरुवात केली. दिवा तोंडातून आत गेला, कडब्याचं अस्तर पिवळं उजळलं, तिला एवढंच दिसलं.

मग भक् झालं.

आवाज कानात शिरायच्या आधी उष्मा तोंडावर आला. ती मागं पडली ती कुठं पडली हे तिला कळलं नाही. पेवाच्या तोंडातून जाळाचा खांब उभा राहिला होता, मोटारीच्या छपरापेक्षा उंच. सिद्धू ओरडत होता, पण आवाज फार लांबून आल्यासारखा. बनुबाई जमिनीवर बसून त्या जाळाकडं बघत राहिली. पेवात जाळ? दिवा विझतो, हे तिनं पाहिलं होतं. माणूस विझलेला पाहिला होता. पण पेव पेटतं, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं, कुणाच्या आजीनंही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात आत धडाडलं आणि पत्र्याचा एक तुकडा भिरभिरत येऊन तिच्या पायाशी पडला.

“आत्ती!” विजयमाला पाण्याची घागर घेऊन धावत आली आणि तिनं ती सगळी पेवात ओतली. जाळ दबला नाही, उलट काठावरून बाहेर सांडला.

“पानी नको! पानी नको गं!” मेहरुनबी बांधावरून उडी मारून आली. तिचा नवरा शमशेर तासगावात मोटारी दुरुस्त करायचा, तिला ही आग ठाऊक होती. “माती टाक! माती! अन् दगड सरकव वर!”

दोघी बायकांनी ओंजळीनं, सुपानं, टोपलीनं माती लोटली. दगड हलवायला सिद्धू आला आणि हात लावताच किंचाळून मागं झाला. त्याच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. मग बनुबाई उठली. कशी उठली तिला आठवत नाही. तिनं पहार घेतली, मेहरुनबीनं खांदा लावला, विजयमालानं ढकललं आणि दगड तोंडावर बसला. कडेनं धूर येत राहिला. त्यांनी वरून ओली माती थापली.

मग तिघी तिथंच बसल्या.

“बनुबाई, तुमचे केस,” थोड्या वेळानं मेहरुनबी म्हणाली.

बनुबाईनं कपाळावर हात नेला. पुढचे केस हाताला लागताच चुरा होऊन पडले. भुवया नव्हत्याच.

“हे काय झालं गं, मेहरुन?”

“पेट्रोल हाय हे.”

“माझ्या पेवात?”

मेहरुनबीनं पायाशी पडलेला पत्र्याचा तुकडा उचलला आणि बनुबाईच्या हातात दिला. चौकोनी डब्याचा कोपरा होता तो. कथलानं झाळून सांधलेली कड उकललेली.

सिद्धूला ओसरीवर निजवून विजयमालानं त्याच्या हातांना कोरफडीचा गर लावला. त्याची एका बाजूची मिशी पार गेली होती. तो मधूनच दात आवळत होता. लोक जमले, हळहळले, एकानं विचारलं सुद्धा, “दारू-बिरू पुरून ठिवली हुती व्हय?” बनुबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो मागं सरला.

उन्हं कलल्यावर पेव निवलं. मेहरुनबीनं तोंडाशी बसून पुन्हा पुन्हा सुपानं वारं घातलं. ह्या वेळी दिवा कुणी मागितला नाही आणि आत कुणी उतरलंही नाही. आकड्यानं वर ओढले ते डबे. फुगलेले, फाटलेले, काळे. मग टोपलीनं जोंधळा. वरचा थर कोळसा झाला होता. त्याखालचा पांढरा होता, टपोरा, बघून जीव थंड व्हावा असा. बनुबाईनं मूठभर घेतला. वास आला. तिनं एक दाणा दाताखाली फोडला आणि लगेच थुंकला. टोपली आणखी खोल गेली, आणखी खोल. प्रत्येक टोपलीला तोच वास. पेट्रोल गळून गळून पार तळापर्यंत पाझरलं होतं.

“आत्ती, उन्हात वाळवला तर?” विजयमाला हळूच म्हणाली.

बनुबाईनं मूठ म्हशीच्या पुढं धरली. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

दिवस मावळता मावळता मोटारीचा आवाज आला. नाथाजी परड्यात शिरला, फुटलेल्या डब्यांची रांग दिसली आणि तो इंजिन बंद करायचंही विसरला. मोटार धडधडत राहिली आणि तो खाली उतरून बघत राहिला. सिद्धूकडं. सुनेकडं. शेवटी बायकोच्या तोंडाकडं, जिथं भुवया नव्हत्या.

“कसं झालं हे?”

“दिवा सोडला पेवात,” बनुबाई म्हणाली.

“दिवा?” त्याचा आवाज चढला. “पेट्रोलात दिवा? अगं, लहान पोराला कळतं! पलटनीत पेट्रोलच्या तंबूपाशी बिडी वडली तर कोर्टमार्शल व्हायचं!”

“आन दिव्याबिगर पेवात मानूस सोडायचा न्हाई, हे कुनाला कळतं?” तिचा आवाज मात्र वर गेला नाही. “मी दिवा सोडला नसता तर सिद्धू उतरला असता. त्याला काय, जोंधळ्याची वाफ काय आन तुमच्या पेट्रोलची काय.”

ओसरीवर सिद्धूनं मान दुसरीकडं वळवली.

“घरात कुठं ठिवू?” नाथाजी खाली बसत म्हणाला. “घरात चूल, दिवं. गंजीत ठिवलं तर उन्हाचं भ्या. समद्यात गार जागा ती. जाळ न्हाई, ऊन न्हाई. लय इचार करून ठिवलं गं. दर म्हैन्याला भाव वाढतोय. कवा एक डबा, कवा दोन जमवलं, तू माहेराला गेलीस तवा समदं पेवात घातलं; वापरायचं दोन डबं तेवढं मोटारीत ठिवलं, तेबी आता संपलं. आपला माल आपल्या घरात, मग कितीबी वाढू दे.”

“मला का न्हाई सांगितलं?”

“तू ठिवू दिलं असतंस?”

तिनं ठेवू दिलं नसतं. मेहरुनबी उठली, पदर झटकला आणि मोटारीपाशी जाऊन तिनं इंजिन बंद केलं. परडं एकदम शांत झालं.

नाथाजी डब्यांपाशी गेला. एक उचलला, कड बघितली, ठेवला. दुसरा उचलला, हलवला. तिसरा. काळजातून निघाल्यासारखं तो म्हणाला, “झाळणच उकललीया. एकबी न्हाई वाचला?”

बनुबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दुपारच्या आवाजानं कान अजून बधिर होते. तिनं विजयमालाकडं पाहिलं. सुनेनं खाली मान घातली होती. म्हणजे बरोबरच ऐकलं होतं.

जाळ तोंडावर आला तेव्हा बसला नव्हता इतका धक्का तिला आता बसला. हा माणूस वाईट नव्हता, हे तिला ठाऊक होतं. अडलेल्या बाईसाठी हा मध्यरात्री उठला होता, मानसिंग पलटणीत निघाला तेव्हा गोठ्यात तोंड लपवून रडला होता. आणि वर्षभराचा जोंधळा कोळसा होऊन पडलेला, गड्याचे हात सोललेले, बायकोचं तोंड भाजलेलं असताना तो डबे हलवून बघत होता. मुद्दाम नाही. त्याचं त्यालाही कळत नव्हतं, आणि बनुबाईला त्याचीच भीती वाटली.

ती उठली. न्हाणीत गेली, तोंडाला गार पाणी लावलं तेव्हा कातडी चरचरली. जळक्या केसांवरून पदर पुढं ओढला आणि ओसरीवर आली. नाथाजी अजून डब्यांपाशी बसला होता.

“इकडं या,” ती म्हणाली.

तो आला.

“सिद्धू, तुझं हात बरं हुईपतुर तुझ्या घरात मानसं किती त्येवढ्यांचं जेवान हितनं जाईल. कामावर येऊ नगंस. विजू, गुळव्याला निरोप धाड, गुऱ्हाळ चार दिवसांनी लागंल.”

“बरं आत्ती.”

“आन तुमी.” तिनं नवऱ्याकडं बघितलं. “सांगलीला पोचंल येवढं पेट्रोल हाय का टाकीत?”

“हाय,” नाथाजी गोंधळून म्हणाला. “जायापुरतं असंल. यायाला न्हाई पुरायचं.”

“यायाला लागनार न्हाई. आज टायराला सोन्यावानी भाव हाय म्हनत्यात, घेनारं तिथं कुनीबी मिळंल. उद्या सकाळी मोटार सांगलीला जायाची आन तिथंच ऱ्हायाची. जेवढं येतील तेवढ्याचा जोंधळा घ्या, आन पोती घेऊन आगगाडीनं या.”

“अगं, पर—”

“इचारत न्हाई मी. सांगतीया.”